कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज

लग्न होऊन सांगलीत आल्यापासून वृषाली कुंभोजकरनं घरातलं एकही कार्य कॅमेऱ्याशिवाय पार पडू दिलं नव्हतं. बारसं असो, दुकानातलं लक्ष्मीपूजन असो, नाहीतर नणंदेकडचा सत्यनारायण असो, ही आपली सगळ्यांच्या पुढे उभी. आधी हातात छोटा कॅमेरा असायचा, मग फोन आला. कार्य नसलं तरी तिचं काही अडत नसे. नवरा पायरीवर बसून आंबे पुसतोय, मुलगी मृण्मयी दूध प्यायला नको म्हणून पलंगाखाली जाऊन बसलीय, असलं काहीही ती काढून ठेवायची. आणि नुसतं काढायची नाही. काढता काढता बोलायची.

"हसा की जरा! अहो, माझ्याकडे काय बघताय, कॅमेऱ्यात बघा की. मृण्मयी, नाकातलं बोट काढ. वन्सं, तुम्ही थोड्या आत या, अर्ध्याच दिसताय."

घरात याला आईची कॉमेंट्री म्हणत. एका दिवाळीला सगळे टीव्हीवर जुने व्हिडिओ बघत बसले असताना सुलभावन्सं म्हणाल्या, "काढतेस छान गं, फक्त आवाज बंद करून बघावं लागतं." सगळे हसले. वृषालीही हसली, पण ते तिच्या मनाला लागलं. पुढच्या कार्यात ती जरा वेळ गप्प राहून बघायची, तेवढ्यात कुणीतरी डोळे मिटायचं आणि हिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू व्हायचा.

तिच्या नवऱ्याची, हेमंतची, मार्केट यार्डात हळदीची अडत होती. हळकुंड मोडताना कट्‌ असा जो आवाज होतो, तेवढ्यावरून तो माल कसा आहे ते सांगायचा. एके दिवशी त्यानं हातातलं हळकुंड उलटसुलट करून बघितलं आणि दुकानातल्या माणसाला विचारलं, "हे काय आहे?" त्या माणसाला वाटलं, शेठ थट्टा करताहेत. मग हळूहळू बाकीचंही गेलं. यार्डाचा रस्ता गेला, भावाचं नाव गेलं, सदऱ्याची बटणं गेली.

वृषाली आधी रडली. मग चिडचिड करायला लागली. मग दोन्ही थांबलं. दोन वर्षं एका माणसाला खाऊ घालणं, धुणं, हुडकून आणणं एवढंच केल्यावर तिला काही वाटेनासंच झालं होतं. भाजीत मीठ पडलं नाही तरी तिला कळायचं नाही. कुणी विचारलं "कशी आहेस", तर ती हेमंत कसा आहे ते सांगायची.

अशात मिरजेला उजळणीचे उपचार सुरू झाल्याचं तिला कळलं. तिथल्या डॉक्टर पाटणे वयानं मृण्मयीएवढ्याच होत्या, पण समजावून सांगायच्या मात्र छान.

"आठवण म्हणजे कपाटातली साडी नव्हे हो काकू, की काढली, बघितली आणि होती तशी ठेवून दिली," त्या म्हणाल्या. "आठवण काढली की ती ओली होते. कुरडई टाकतो ना आपण, तशी. आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात वाळते. तुमचं माझं रोज हेच चाललेलं असतं. म्हणून तर एकाच लग्नाची गोष्ट दोन माणसं दोन तऱ्हांनी सांगतात."

काकांच्या आजारात ही कुरडई नीट वाळतच नाही, ओलसर राहते आणि तुटत जाते. नवं औषध दोन कामं करायचं. आठवण थोडा वेळ पुरती ओली ठेवायचं, आणि मग तिला अशी कडक वाळवायचं की आजाराला पुढं पुष्कळ वर्षं तिच्यात दात रोवता येत नसत. औषध देऊन पेशंटला एका शांत खोलीत बसवायचं आणि त्याचेच घरगुती व्हिडिओ दाखवायचे. जे दिसेल, ऐकू येईल, ते पक्कं.

"आणि जे दाखवलं नाही ते?" वृषालीनं विचारलं.

"ते लवकर जाईल. मेंदूचा सगळा जोर एकीकडे लागतो, मग बाकीचं तो धरून ठेवत नाही. म्हणून काय दाखवायचं ते नीट ठरवा. एकदा वाळलेलं पुन्हा ओलं करणं आम्हाला अजून जमत नाही." मग त्यांनी एक अडचण सांगितली. पेशंट लवकर दमतो. हलणारं, कंटाळवाणं, गोंगाटाचं काही दाखवलं की भरकटतो. त्यामुळे व्हिडिओतला नको तो भाग घरूनच कापून आणायचा. कशानं कापायचा ते आम्ही सांगणार नाही, बाजारात सॉफ्टवेअर ढीगभर आहेत, आपल्याला झेपेल ते घ्या.

झेपेल ते कोणतं, हे ठरवायला मायलेकी टीव्हीसमोर बसल्या. म्हणजे वृषाली सांगलीत बसली आणि नागपूरहून मृण्मयी टीव्हीच्या कोपऱ्यात येऊन बसली. पहिलं सॉफ्टवेअर होतं 'कातर'. ते फुकट होतं, पण आपण दाखवू तिथंच कापायचं, म्हणजे आधी सगळं आपण बघायचं. तेवढं बघत बसले तर ह्यांना आंघोळ कोण घालणार, असं म्हणून वृषालीनं ते बाजूला केलं. दुसरं 'चाळणी'. त्याला गडबड आवडायची. नमुना म्हणून वन्संच्या मुलीचं लग्न दिलं, तर त्यानं फक्त बँडवाले ठेवले आणि नवरानवरी काढून टाकली. मृण्मयी हसून हसून दिसेनाशी झाली. पडद्यावर नुसती तिची खुर्ची राहिली.

तिसरं 'नितळ'. ते आधी विचारायचं की तुम्हाला काय काय नको, आणि मग आपलं आपण शिकत सगळं कापत जायचं. मायलेकींना ते पसंत पडलं.

खरा वाद झाला तो काय नको यावरून. सासरे गेले तेव्हाचं ठेवायचं का? मृण्मयीचं म्हणणं, कशाला, बाबांना पुन्हा दुःख. वृषाली म्हणाली, "आपला बाप गेलाय हे माणसाला माहीत नको? नाहीतर रोज विचारत बसतील, अण्णा आले का म्हणून." ते राहिलं. धाकट्या भावाशी दुकानावरून झालेलं भांडण, जे कुणाचातरी फोन चुकून चालू राहिल्यामुळे सापडलं होतं, ते गेलं. त्यावर दोघींचे चार-पाच दिवस गेले. वृषालीला एकेका गोष्टीला हो-नाही म्हणताना काही जड गेलं नाही, आणि याचंच तिला जरा नवल वाटलं.

मग शेवटी नितळच्या यादीत बारीकसारीक खुणा करायच्या आल्या. हलणारं चित्र नको. अंधारातलं नको. वाऱ्याचा घोंघाट नको. चेहरा झाकलेला असेल तर नको. माणूस कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडे बघत असेल तर त्याची नजर सरळ करून द्यायचीही सोय होती. हेमंतची सगळ्या व्हिडिओंत हीच खोड, त्यामुळे ती खूण तिनं आनंदानं केली. त्याच्या खाली होतं, 'कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज'.

"आई, तुझी कॉमेंट्री काढायची?"

"काढ बाई एकदाची. डॉक्टर म्हणाल्यात ना, गोंगाट नको."

"अगं पण बाबांना..."

"मी कुठं जातेय? मी तर दिवसभर त्यांच्यासमोर उभीच आहे की."

हे मृण्मयीलाही पटलं. शिवाय तिची मीटिंग होती.

उपचारांचा गुण आला, आणि कल्पनेबाहेर आला. हेमंत खोलीत एकटाच बसून बघायचा, दुसऱ्या कुणाला आत जायची परवानगी नव्हती. वृषाली बाहेर बाकावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. काही आठवड्यांत त्याला यार्ड आठवलं. धाकटा भाऊ भेटायला आला तर "ये की विज्या" म्हणून त्यानं मिठी मारली, आणि तो भाऊ बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. सुलभावन्सं आल्या तेव्हा म्हणाला, "सुलू, तुझ्या लग्नात घोडा उधळला होता आणि तुझा नवरा त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता!" वन्सं हसल्या, रडल्या, आणि वृषालीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू होतीस म्हणून माझा भाऊ परत मिळाला मला."

वृषालीनं त्यांना पोहे दिले.

मग एका सकाळी तिनं चहा ठेवला, तर हेमंत खुर्चीत सावरून बसला. "ठेवा ताई, ठेवा. फार करता हो तुम्ही."

तिला वाटलं, थट्टा. पूर्वी तो कधीमधी करायचा अशी. "बरं, साहेब," ती म्हणाली. तो हसला नाही. संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला तेव्हा तिनं आतून ऐकलं, तो आवाज खाली आणून लेकीला सांगत होता, "कामाला बाई फार चांगल्या मिळाल्यात गं. जरा गप्प गप्प असतात, पण मायाळू आहेत. कुठनं हुडकल्यास?"

दुसऱ्या दिवशी मिरजेला डॉक्टर पाटण्यांनी पहिल्यांदा वृषालीला आतल्या खोलीत बसवलं आणि हेमंतला जे दाखवलं होतं ते तिला दाखवलं. स्वच्छ, सुंदर होतं. कुठं हलत नव्हतं. वृषाली त्यात स्वतःला शोधत राहिली. ती नव्हती. सगळं तिनंच काढलेलं, मग ती दिसणार कुठून? तिचा होता तो आवाज, आणि तो एकही अक्षर न ठेवता पुसून निघाला होता. बारशाच्या वेळी कपाटाच्या आरशात ती दिसायची, तेवढा तुकडा 'नको असलेलं प्रतिबिंब' म्हणून गेला होता. कधी भिंगाच्या कडेला तिचा अंगठा यायचा, तेही गेलं. आणि दुसऱ्या कुणी तिच्याकडे कॅमेरा वळवला की ती दर वेळी पदर नाहीतर पंजा तोंडापुढे धरून म्हणायची, "माझं नको काढू गं, अवतार बघ माझा!" चेहरा झाकलेला असेल तर नको, अशी खूण तिनं स्वतःच केली होती.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही चित्र स्वच्छ आहे का तेवढंच तपासतो. त्यात कोण नाही, ते आम्हाला कसं कळणार?" त्यांचे डोळे भरले होते. "मूळ व्हिडिओ आहेत ना? घरी दाखवत राहा. नवं थोडंफार धरेल. पण जे वाळलंय ते असंच राहील काकू. तुमच्याशिवाय."

"बरं," वृषाली म्हणाली. मग तिनं विचारलं, रिक्षा या बाजूच्या फाटकाला मिळेल का त्या.

मृण्मयी फोनवर हमसून हमसून रडली. माझीच चूक, मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वृषालीनं तिची समजूत घातली. मीठ संपलंय हे तिला मधेच आठवलं आणि ते तिनं बोलताबोलता कागदावर टिपून घेतलं.

गंमत अशी, की घरात आता कसलाही त्रास नव्हता. हेमंत पूर्वी चहा प्यायचा आणि कप तिथंच ठेवून उठायचा. साऱ्या संसारात त्यानं चहाबद्दल कधी चांगलं की वाईट म्हटलं नव्हतं. आता तो कप विसळून ठेवायचा आणि "छान झाला होता" म्हणायचा. आंघोळीला जाताना आतून कडी लावायचा. सदऱ्याचं बटण ती लावायला गेली की ओशाळून मागे सरायचा, "मी लावतो, मी लावतो." रात्री ती नेहमीसारखी खोलीत आडवी झाली, तर तो उशी घेऊन बाहेर येऊन बसला. तिनं विचारलं, काय झालं. "नाही, म्हणजे..." तो दाराकडे बघत म्हणाला, "बरं दिसत नाही ना ते. मी माझा इथं पडतो." तिनं त्याला आत पाठवलं, आणि तेव्हापासून ती बाहेरच्या दिवाणावर झोपायला लागली. तिला वाटलं, आता तरी रडू येईल. ती वाट बघत पडून राहिली. आलं नाही.

कापलेले व्हिडिओ हेमंत घरीही आवडीनं बघायचा. एका दुपारी ती लसूण सोलत बसली होती तेव्हा त्यानं हाक मारली. "अहो ताई, जरा या की इकडं."

पडद्यावर तो स्वतःच होता, पस्तिशीतला. पायरीवर बसून आंबे पुसत होता आणि समोर बघून असा काही हसत होता की बस.

"हा मी," तो म्हणाला. "हे माझं घर. सगळं आठवतंय मला, आंबे देवरुखचे होते. पण एक कळेना झालंय. हा माझ्याकडं बघून हसायलाय. मी माझ्याकडं बघून एवढं कशाला हसीन?"

वृषालीच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"आणि हे काढलं कुणी?" तो म्हणाला. "कुणीतरी असणार की समोर."

ती उठली आणि तिनं मूळचा व्हिडिओ लावला. कापायच्या आधीचा, हलणारा, वाऱ्याच्या घोंघाटाचा. तिचा आवाज खोलीभर झाला. "अहो, तो डाग राहिला बघा. डावीकडं. डावीकडं म्हटलं की उजवीकडं बघायचं, बरोबर? हसा. अहो, माझ्याकडे काय बघताय, कॅमेऱ्यात बघा की!"

हेमंतनं मान तिरकी करून ऐकलं. "या बाई फार बोलतात."

"हो," वृषाली म्हणाली. "आवाज ओळखीचा वाटतो?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "नाही हो." मग तो पडद्याकडे बोट करून म्हणाला, "पण ह्याला चाललंय की ते. बघा, कसा बघायलाय त्यांच्याकडं."

आणि वृषालीनं बघितलं. मुळात त्याची नजर कॅमेऱ्यात नव्हतीच. भिंगाच्या जराशी वर होती, जिथं तिचा चेहरा असायचा. ती तेव्हा खाली चौकटीत बघत असायची, सगळे नीट बसलेत का, डोकं कापलं जात नाही ना, म्हणून तिनं ते कधी नीट बघितलंच नव्हतं. तिला ती खोड वाटली होती. तिनं दुसरा लावला, तिसरा लावला. लक्ष्मीपूजन, बारसं, वन्संची वरात. सगळीकडे तो असाच, भिंगाच्या वर बघणारा, केस काळे असल्यापासून ते पिकेपर्यंत. आयुष्यभर हा माणूस आपल्याकडे बघत होता, आणि आपण त्याला कॅमेऱ्यात बघा म्हणून दटावत होतो. आणि शेवटी खूण करून ती नजर सरळ करून घेतली.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला कुठंतरी नीट दुखत होतं.

"तुमचं नाही का कुणी काढत?" हेमंतनं विचारलं.

"नाही. मीच काढते ना सगळ्यांचं."

"मग आणा इकडं." त्यानं हात पुढे केला. तिनं फोन दिला. त्याला तो कसा धरायचा ते नीट आठवत नव्हतं, तिनं आडवा करून दिला, मधलं लाल बटण दाखवलं आणि समोर जाऊन उभी राहिली. हाताला लसणाचा वास, केस विस्कटलेले, गाऊनवर जुनी ओढणी. त्यानं फोन वर केला तसा तिचा पंजा आपोआप तोंडापुढे आला.

"माझं नको काढू..." ती म्हणायला लागली, आणि थांबली. मग तिनं हात खाली घेतला. त्या हाताचं काय करायचं ते तिला कळेना, तेव्हा तिनं तो दुसऱ्या हातात धरून ठेवला.

हेमंतचा हात हलत होता. अर्धं चित्र छताचंच येत असणार. तो एक डोळा बारीक करून चौकटीत बघत होता, कपाळाला आठी पडली होती, आणि वृषाली त्या आठीकडे बघत होती. भिंगाच्या जराशी वर.

"अहो ताई," तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय, कॅमेऱ्यात बघा की."

हे त्यानं आत्ता ऐकलं होतं म्हणून म्हटलं, की त्याच्यात कुठं खोल राहून गेलं होतं, ते तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं विचारलंही नाही. ती तशीच बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला म्हणून तिनं हात उचलला नाही.

त्यानं बटण दाबून फोन तिच्या हातात दिला. फोनच्या पडद्यावर नितळनं विचारलं होतं. चित्र हललेलं आहे, नजर भलतीकडे आहे, कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज आलेला आहे. काढून टाकू?

"नको," वृषाली म्हणाली.

"काय नको?" हेमंतनं विचारलं.

"काही नाही. बसा, चहा टाकते."

"मी पण येतो," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन, परक्या घरात उभं राहावं तसा, दाराशी उभा राहिला. "तुमचं नाव नाही विचारलं मी कधी."

तिनं गॅसवर आधण ठेवलं आणि त्याला नाव सांगितलं.